पाणभेट

"बाई, हसू नका," कांतावैनी फोनवर म्हणाली, "पण पोट्टीच्या आसवाले तार येऊन राह्यली."

सकाळचे आठ वाजले होते. सुगंधा नागपुरातल्या आपल्या स्वयंपाकघरात चहाचं भांडं विसळत होती. तिनं नळ बंद केला. तो कधीच पुरता बंद होत नसे. दर चार सेकंदांनी एक थेंब टपकायचाच. प्लंबरला बोलवायचं ती तीन वर्षं ठरवत होती.

"तार म्हणजे?"

"पाकाले येते तशी. एकतारी. काल अंगणात पडली, रडली. मी पदरानं पुसाले गेली, तं थेंब खाली पडेचना. लांबला. बोटाले चिकटून वीतभर आला, नं मंग तुटला."

"डोळे आले असतील गं वैनी."

"डोळे आल्यावर पिवळं येते, बाई. हे काचेवाणी हाय. लख्ख."

"दाखवलं का कुणाला?"

"तालुक्याच्या डॉक्टरले दाखवलं. म्हणे डोळे कोरडे झाले. धार लागली हाय नं कोरडे कसे म्हणावं?" वैनीचा आवाज खाली आला. "सकाळी उठली का म्हणते, माय, धुकं हाय. आता वैशाखात कायचं धुकं?"

भांड्याच्या कडेला साबणाचा फेस वाळत होता. तिच्या डोळ्यांसमोर भाचीचा चेहरा यायला हवा होता. आला एक आकडा. त्र्याहत्तर.

*

खैरडोह हे सुगंधाचं माहेर. तिथल्या माणसाला आठवडी बाजारात कुणीही ओळखी. हसला की दातांवरून, चालला की गुडघ्यांवरून. गावाच्या पोटातल्या खडकात फ्लोराइड होतं, ते विहिरीत नि हातपंपात उतरायचं, तिथून हाडांत. दात पिवळे पट्टे घेऊन उगवायचे, पोरांचे गुडघे एकमेकांकडे झुकायचे. पाणी मात्र दिसायला असं नितळ की तळातला खडा मोजावा. सुगंधाची माय म्हणायची, आपलं पाणी म्हंजे देखणी सावत्र आई.

दादाची मुलगी खुशाली पाच वर्षांची झाली आणि तिचे गुडघे वळू लागले. देवानंददादा तिला खांद्यावर बसवून शाळेत नेई. दोन वर्षं नेलं त्यानं. सुगंधा तेव्हा नागपूरच्या एका संशोधन संस्थेत होती. तिचं सगळं काम पाण्यात आणि हात मात्र कोरडे. कारण तिचं पाणी संगणकातलं होतं.

तिनं जे रचलं ते सांगायला सोपं आहे. अमिनो आम्लांचे सहा मणी ओवलेली एक चिमुकली माळ. शास्त्रात तिला पेप्टाइड म्हणतात. सहातले दोन मणी पाण्यावर जीव टाकणारे, चार पाण्याला पाठ फिरवणारे. अशा कोट्यवधी माळा पाण्यात सोडल्या की पाण्याला बिचकणारे मणी एकमेकींच्या आड लपतात, हातात हात गुंफतात. भुलाबाईच्या दिवसांत पोरी अंगणात जमल्या की त्यांना गोल कुणी आखून द्यावा लागत नाही, तसंच हे. माळांची पट्टी होते, पट्टीची गुंडाळी, गुंडाळीची नळी. केसाच्या दहा हजाराव्या भागाइतकी बारीक. सुगंधानं मण्यांचा क्रम असा लावला होता की फ्लोराइड त्या नळीच्या पोटात अडकावं. पोट भरलं की नळ्या जड होऊन तळाशी बसायच्या. फ्लोराइड संपलं की त्यांचं कामही संपलं. उरलेल्या रिकाम्या नळ्या सुटायच्या, माळा विरून जायच्या.

हे तिनं आधी पडद्यावर पाहिलं होतं. संगणकात एक पेटी, पेटीत पाण्याचे नव्वद हजार रेणू, त्यांत शे-दीडशे माळा. प्रत्येक अणू शेजारच्या प्रत्येक अणूला किती ओढतो, किती ढकलतो, याचा हिशेब सेकंदाच्या अब्जाव्या भागात पाच लाख वेळा. पूर्वी या हिशेबाच्या एका फेरीला, म्हणजे एका धावेला, महिने लागत; या दोन हजार एकोणचाळीसच्या सुमारास नवी यंत्रं तेच काम दुपारच्या जेवणाआधी करून देत.

त्या पेटीला भिंती नसत. भिंत असली की पाणी भिंतीशी वेगळं वागतं, म्हणून या धंद्यातली जुनी युक्ती अशी: डावीकडून बाहेर पडलेला रेणू त्याच क्षणी उजवीकडून आत घ्यायचा. वरून गेलेला खालून. पेटीतलं पाणी कधी घर सोडून जातच नाही. त्याला सासर नसतं.

सुगंधानं शंभर धावा केल्या. नव्व्याण्णव वेळा नळ्या झाल्या, फ्लोराइड धरलं, आणि फ्लोराइड काढून घेतल्यावर शहाण्यासारख्या विरल्या. त्र्याहत्तराव्या धावेत नळी झालीच नाही. पीळ दिलेली एक चपटी फीत झाली. फ्लोराइड काढलं तरी ती सुटेना. ऊन केलं तरी सुटेना. तिच्याजवळ आलेली मोकळी माळ तिच्यासारखीच वळायची नि तिच्या शेवटाला जाऊन चिकटायची. फीत मधेच तुटली तर दोन फिती. दोघींना दोन-दोन टोकं, आणि प्रत्येक टोकाला भूक.

नियम साधा होता. असं काही दिसलं की थांबायचं. त्याच सुरुवातीपासून आणखी पाचशे धावा करायच्या, मग काचेतल्या खऱ्या पाण्यात तपासायचं. वर्ष गेलं असतं. त्याच संध्याकाळी दादानं व्हिडिओ पाठवला होता: खुशाली दाराच्या चौकटीला धरून उभी राहतेय, आणि चौकट सोडली की बसतेय.

सुगंधानं त्र्याहत्तरावी धाव 'इतर' नावाच्या कप्प्यात टाकली. तिच्या जागी एकशे एकावी लावली. तक्ता पुन्हा शंभराचा झाला.

*

गेल्या दिवाळीनंतर खैरडोहच्या विहिरीत त्या माळांची पहिली पुडी पडली. चाचणी फक्त या एका विहिरीपुरती, असं मंजुरीच्या कागदावर ठळक लिहिलेलं होतं. तीन आठवड्यांत पाण्यातलं फ्लोराइड मोजता येईना इतकं कमी झालं. संक्रांतीपर्यंत खुशालीचे पाय दुखायचे थांबले, गुडघे सरळ होत आले. शाळेच्या शर्यतीत ती चौथी आली आणि वैनीनं पेढे असे वाटले की जणू पोरीनं दिल्ली जिंकली.

मग गावानं पाणभेट घातली.

खैरडोहची ही रीत जुनी. विहिरीला नवं पाणी लागलं की गावातल्या सगळ्या लेकींना माहेरी बोलवायचं. प्रत्येकीची ओटी भरायची आणि प्रत्येकीच्या हाती त्या पाण्याची एक कळशी द्यायची. तिनं ती सासरी न्यायची, वाटेत खाली ठेवायची नाही, आणि सासरच्या विहिरीत ओतायची. मग त्या दोन विहिरी बहिणी झाल्या. एकीला दुष्काळ लागला तर दुसरी तिला आठवण ठेवून झरा पाठवते, अशी समजूत. बायका तेव्हा गातात:

माहेराचं पाणी
नेते कळशीत भरून,
सासरच्या विहिरीला
सांगे बहीण म्हणून

सत्तावीस लेकी आल्या होत्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या केसांत पांढरी बट. कळश्या कुणी भराव्यात? जिनं पाणी गोड केलं तिनं. सुगंधानं पदर खोचला, दोर हाती घेतला. कागदावरची ठळक ओळ तिला आठवली नाही असं नाही. पण तिनं मनाशी म्हटलं, एक कळशी. आणि समोर लाखो लिटरची विहीर. कुठल्या कुठे पातळ होऊन जाईल. मंदा, तिची शाळेतली जोडीदारीण, कळशीवर हात ठेवून म्हणाली, "पूर्ण भर ना वं. डॉक्टरीण झाली नं हात आखडला काय?"

सुगंधानं काठोकाठ भरली. गाण्यात तिचा आवाज सगळ्यांत वर होता.

*

वैनीच्या फोननंतर तासाभरात ती संस्थेत होती. 'इतर' उघडलं. त्र्याहत्तरावी फीत जशी ठेवली तशीच होती, पीळ देऊन पडलेली.

तिनं नवी पेटी मांडली. विहिरीचं पाणी, विहिरीचे क्षार आणि ती फीत. मोकळी माळ एकही घातली नाही. त्याऐवजी आसवांत असतं ते एक प्रथिन घातलं, डोळ्यांना जंतूंपासून राखणारं. त्याची नीट घडी घातलेली चार गाठोडी.

दुपारपर्यंत ती पडद्यासमोरून हलली नाही.

पहिलं गाठोडं फितीला घासून गेलं. दुसरं थबकलं. त्याची एक घडी उलगडली, जशी दारात उभ्या बाईची शाल घसरावी. उघडा पडलेला भाग फितीच्या टोकाशी जाऊन बसला, आणि मग सगळं गाठोडंच उलगडत, ओढत, तिच्या वळणानं वळून सपाट झालं. फीत तेवढी वाढली. तिसरं गाठोडं आता तिकडे सरकू लागलं.

म्हणजे फितीला आपल्याच माळा लागतात असं नव्हतं. कुणाचंही चालत होतं. डोळ्यातलं, थुंकीतलं, पाण्यात कुजणाऱ्या पानातलं. आणि पातळ होऊन काहीच होणार नव्हतं. पातेलंभर दुधाला किती विरजण लागतं हे खैरडोहची नऊ वर्षांची पोरही सांगते. चमच्याचं टोक. सुगंधालाही हे पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. विहिरीच्या काठावर तेवढं विसरली होती.

डॉ. मोहरील तिचे वरिष्ठ. तिच्या मागे येऊन ते कधी उभे राहिले तिला कळलं नाही. त्यांनी पडदा शेवटपर्यंत पाहिला, मग शेजारच्या कप्प्यातला आकडा वाचला.

"ही धाव आजची नाही."

"नाही सर. दोन वर्षांपूर्वीची."

"पण तू दिलेल्या तक्त्यात शंभर ओळी होत्या. मी मोजल्या होत्या." ते खुर्चीवर बसले. "मोजल्या, आणि वाचल्या नाहीत. म्हातारपण यालाच म्हणतात."

"तुमचा दोष नाही. मी बदलली. पोरीचे पाय..."

"पाय सरळ झाले का?"

"झाले."

"आणि डोळे?"

तिनं मान हलवली. मोहरीलांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. "या फितीला काय सोडवतं?"

"अजून काहीच नाही. क्लोरीन नाही, उकळणं नाही."

"मग आधी विहीर बंद कर. बाकी नंतर."

"पत्र लिहिलंय सर. मंत्रालयाला, शोधनिबंध छापलेल्या नियतकालिकाला, जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला. त्र्याहत्तर कशी लपवली, सगळं आहे. माझ्या नावानं."

"त्यानंतर ते नाव कुठल्या शोधनिबंधावर दिसणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय," ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोरच बटण दाबलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खैरडोहला पोचली. जीपमध्ये पाण्याच्या बंद बाटल्यांची खोकी रचली होती. विहिरीवर लोखंडी जाळी टाकायला दादानं माणसं जमवली होती, पण स्वतः तो हात बांधून लांब उभा होता.

"पुडी तूनंच आणली," तो म्हणाला. "आता जाळीही तूनंच आणली. लोक मले पुसून राह्यले, देवा, तुह्या बहिणीचं ठरलं काय एकदाचं?"

"दादा, चूक माझी आहे. मला आधी दिसलं होतं. मी झाकलं."

देवानंदनं तिच्याकडे पाहिलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काऊन झाकलं?"

"खुशालीसाठी."

"मंग मले सांग, बाई, मी पोरीले आता कोनतं पाणी पाजू? या खोक्यांतलं पंधरा दिवस पुरंल. मंग? त्या जुन्या हातपंपाचं, ज्यानं पाय गेले ते? का विहिरीचं, ज्यानं डोळे चालले ते?" त्यानं जाळीच्या एका टोकाला हात घातला, उचललं. "धर तिकून. उभी काय राह्यली?"

दोघांनी मिळून जाळी विहिरीवर टाकली. खाली पाणी नितळ होतं. तळातला खडा मोजावा असं.

खुशाली ओसरीत बसली होती. पाय लांब सोडलेले, सरळ, सुंदर. आत्याच्या पावलांचा आवाज ऐकून तिनं मान तिरकी केली.

"आत्या, तू दोन दिसून राह्यली मले."

"मग तर बरंच झालं. खाऊही दोन आणलेत असतील."

"आणि दोघी जाड्या हायत."

"अगं ए!" सुगंधानं तिच्या पोटाला गुदगुल्या केल्या. पोरगी खिदळली, लोळली, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून थेंब निघाला, गालापर्यंत आला आणि तिथून सुटला. पण पडला नाही. उन्हात एक बारीक लखलखती तार त्याला वर धरून होती. वाऱ्यानं तो हलला, डावीकडे झुलला, उजवीकडे झुलला. खुशालीनं हातानं तो तोडला, सवयीनं, फ्रॉकला पुसला.

वैनी आतून बघत होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"दुखतं का गं?" सुगंधानं विचारलं.

"नाई. नुसतं वाटते का डोळ्यात कोनी काहीतरी विणून राह्यलं."

नागपूरच्या डोळ्यांच्या इस्पितळात दुसऱ्या दिवसाची वेळ ठरली होती. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, बुबुळावरचा पापुद्रा काढता येईल. पुन्हा धरला तर पुन्हा काढू. किती वेळा, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

दुपारी सुगंधा पडवीत यादी घेऊन बसली. पाणभेटीच्या दिवशी ओट्या भरताना वैनीनं नावं लिहून घेतली होती, वहीच्या मागच्या पानावर, माहेरच्या नावानिशी. एकेकीला फोन लावायचा. विहीर बंद करा, ते पाणी पिऊ नका, गुरांना देऊ नका.

"काय म्हनता सुगंधाबाई! आमच्या पाण्याले तं कधी नाई अशी गोडी आली. सासू म्हणे माहेरचा हात लागला."

"पाणी जरा बुळबुळीत लागते, पण आंघोळीले मस्त. केस मऊ राह्यतात."

"मी नंदेलेही दिली ना एक कळशी. तिच्या गावची विहीर एकटी कायले ठेवा?"

सुगंधानं यादीच्या कडेला नंदेच्या गावाचं नाव लिहिलं. मग आणखी एका नंदेचं. एका व्याहीणबाईचं. ऊन पडवीतून अंगणात उतरेपर्यंत सत्तावीसच्या यादीत एकेचाळीस गावं झाली होती. दोघीजणी म्हणाल्या, अय्या, आमच्याकडेही बायांचे डोळे चिकटतात सकाळी, आम्ही म्हटलं उन्हाळी असंल.

सव्वीसजणी सापडल्या. मंदाचा फोन तेवढा लागत नव्हता. लग्नात तिच्या कपाळाला बाशिंग सुगंधानंच बांधलं होतं. नवऱ्याची बदली झाल्यापासून ती कुठे राहते, हे मात्र नीट ठाऊक नव्हतं.

*

त्याच रात्री दादा-वैनी खुशालीला घेऊन सुगंधाच्याच जीपमध्ये नागपूरला आले. सकाळी पोरगी अजून झोपली होती, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या. साडेसातला सुगंधानं ओट्यापाशी उभं राहून पुन्हा एकदा मंदाला फोन लावला. या वेळी लागला.

"आगं बाई, तू?" मंदाचा आवाज तसाच, खळाळता. "रेंजच नसते वं इथं. सकाळी टेकडीवर येऊन बोला लागते. बोल, डॉक्टरीण."

"मंदा, संक्रांतीला नेलेली कळशी. कुठल्या विहिरीत ओतलीस?"

"विहीर कुठं हाय आता? सरकारी क्वार्टर हाय आमचं. सहा महिन्यांपासून मालक धरणावर गेटावर हायत ना. मी म्हटलं, रीत तं मोडाची नाई. रडकुंडीले आली होती मी, सांगतो तुले. चार तास मांडीवर धरून आणलेली कळशी, नं ओताले विहीर नाई." ती हसली. "मंग मालकच म्हणाले, चाल, गेटावर. भिंतीवर उभी राह्यली, गाणं म्हटलं पूर्ण, नं सोडलं. कोलामझरी धरणात. आपल्या विहिरीले एवढी मोठी बहीण गावात कोनाच्या कळशीनं मिळवली नसंल!"

सुगंधा ओट्याला टेकली.

"आवाज काऊन नाई तुहा? आगं, तुमचं नागपूर तेच पाणी पेते ना? म्हंजे मी तुह्याच घरी पोचवलं म्हण. ऐकतेस ना? हॅलो?"

पेटीला भिंत नसते. डावीकडून गेलेलं उजवीकडून येतं.

आतल्या खोलीत खुशाली जागी झाली. "आत्या," तिनं हाक मारली, "तहान लागली."

"आले गं," सुगंधा म्हणाली. पण ती हलली नाही. स्वयंपाकघरात काहीतरी चुकत होतं आणि काय ते तिला कळायला वेळ लागला. आवाज नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा नळ टपकत नव्हता.

तिनं मान वळवून पाहिलं. नळाच्या तोंडाशी थेंब जमला होता. तो भरत गेला, जड झाला, सुटला. आणि पडला नाही. लांबला.